वाढदिवसाच्या आठवड्यातली तपासणी

नेरुळला आमच्याकडे लेकीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात डॉक्टरांकडे फेरी ठरलेली. उंची, वजन, बीपी, डोळे, दात. सगळे आकडे एकाच वहीत लिहा, मागच्या वर्षीच्या शेजारीच.

तेराव्या वर्षी ती जिना चढताना धापा टाकायची. मी आपला मोबाइलला दोष दिला! हिमोग्लोबिन निघालं ९.८, या वयात मुलींना किमान १२ हवं. डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत द्या, चहाबरोबर नको.

टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस १० आणि १६ व्या वर्षी. दुसरी हमखास राहते. एचपीव्हीचंही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लसीचं) विचारा, पंधराच्या आत दोन डोस पुरतात.

शेवटची दहा मिनिटं मात्र तुम्ही बाहेर बसा. पाळीचं, मनातलं आईसमोर निघत नाही. मी तेवढ्यात भाजीची यादी करते.