सर्व्हरवर हल्ला करणाऱ्या आयपीची तक्रार: अंबडच्या एका डीव्हीआरमुळे मला लागलेली सवय

२०१९ च्या जुलैमध्ये नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका सीएनसी जॉबवर्कच्या शेडमधून काकांचा फोन आला. "ताई, इंटरनेटवाल्यांचा मेल आलाय. आपल्या लाइनवरून परदेशातल्या कुठल्या तरी सर्व्हरवर हल्ला होतोय म्हणे. आपल्याकडे तर रात्री वॉचमनशिवाय कुणी नसतं."

मूळ मेल नेदरलँड्समधल्या एका होस्टिंगवाल्याने लिहिला होता आणि इंटरनेट कंपनीने तो पुढे ढकलला होता. मजकूर जेमतेम दहा ओळींचा. आपला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), त्यांचा आयपी, पोर्ट (यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) २३, वेळ २१:४७:१० यूटीसी आणि खाली लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतल्या, सहा ओळी. मी घाईत २१:४७ म्हणजे रात्री पावणेदहा असं धरलं आणि राउटरच्या नोंदी त्या वेळेला चाळत बसले. काहीच सापडेना. अर्धा दिवस गेल्यावर 'यूटीसी', म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, या शब्दाकडे लक्ष गेलं. त्यात साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ३:१७ होतात. त्या वेळी शेडमध्ये कॉम्प्रेसर बंद, मशीन बंद, ऑफिसचे कॉम्प्युटर बंद. इन्व्हर्टरवर फक्त कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, डीव्हीआर, चालू असतो.

डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीतून आला तोच होता. काकांना मोबाइलवर शेड दिसावी म्हणून बसवणाऱ्याने राउटरवर त्याचे पोर्ट बाहेरून उघडे ठेवले होते. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या बॉटनेटने (हल्लेखोराच्या ताब्यातल्या यंत्रांच्या टोळीने) याच वाटेने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कंपनीकडून येणाऱ्या साठेक यूझरनेम-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक वापरून पाहायच्या, एवढीच त्याची युक्ती. असा प्रोग्राम यंत्राच्या मेमरीतच राहतो, त्यामुळे डीव्हीआर बंद-चालू केला की तो जातो. पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत पुन्हा शिरतो. आम्ही पोर्ट बंद केले, पासवर्ड बदलला, फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं टाकलं आणि मोबाइलवर बघण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खाजगी वाट, लावून दिला.

त्या अनोळखी माणसाने दहा ओळी लिहिल्या म्हणून काकांना कळलं. तेव्हापासून मी हल्ला करणारा आयपी नुसता ब्लॉक करून सोडत नाही, तक्रारही करते. त्या पत्त्यामागे बहुतेकदा काकांसारखाच कुणीतरी असतो, आणि आपल्या घरात काय चाललंय याची त्याला कल्पना नसते.

आधी घड्याळ, मग लॉग

आयपी पत्ते हातोहात बदलतात. घरच्या ब्रॉडबँडला आज मिळालेला पत्ता उद्या दुसऱ्या ग्राहकाकडे असतो. मोबाइल इंटरनेटवर तर एकाच पत्त्यामागे एका वेळी शेकडो फोन असतात. म्हणून वेळ नसलेली तक्रार निरुपयोगी आणि चुकीची वेळ असलेली घातक, कारण ती भलत्याच माणसाकडे बोट दाखवते.

सर्व्हरवर क्रोनी किंवा घड्याळ जुळवणारी तत्सम सेवा चालू आहे ना आणि घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरून मिळणाऱ्या अचूक वेळेशी) जुळलेलं आहे ना, ते पाहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवून ठेवायची आहेत. त्याच आदेशात लॉग १८० दिवस जपण्याची अट आहे. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर मात्र लॉगरोटेट हा प्रोग्राम बहुधा आठवड्याला फाइल बदलतं आणि चारच जुन्या फाइली ठेवतं, म्हणजे महिन्याभरात सगळं पुसलं जातं. मी तो आकडा २६ करते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस.

आणखी एक गोष्ट. जुन्या पद्धतीच्या लॉगमध्ये महिना, तारीख, वेळ असते. साल आणि टाइमझोन नसतो. तक्रारीत ते आपण लिहायचे.

कोण येतंय ते मोजणं

उबुंटूवर एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) नोंदी व्हार-लॉग फोल्डरमधल्या ऑथ-डॉट-लॉग फाइलमध्ये मिळतात, रेडहॅटच्या घराण्यात त्याच फोल्डरमध्ये 'सिक्युअर' नावाची फाइल असते. डेबियन १२ पासून ऑथ-डॉट-लॉग आपोआप येत नाही, तिथे जर्नलसीटीएल ही कमांड वापरा. रूट (सर्वाधिकारी यूझर) म्हणून 'लास्टबी' ही कमांड दिली तर फसलेल्या लॉगिनची यादी थेट समोर येते.

ओळ साधारण अशी असते: फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूझर ओरॅकल फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१८२२. (हा आयपी लेखांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे, कुणाचाही नाही.) इथला पोर्ट क्रमांक लोक सोडून देतात. तो हल्ला करणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट असतो, आणि एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतील तेव्हा नेमका कोण हे शोधायला कंपनीला वेळेबरोबर तोच लागतो. जपून ठेवा.

ग्रेप या कमांडने 'फेल्ड पासवर्ड'च्या ओळी काढा, ऑकने त्यातला आयपी वेगळा करा, सॉर्ट आणि युनिकने मोजा. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसचा सर्व्हर माझ्याकडे आहे. जानेवारी ते एप्रिल, न्हावा शेव्याला कंटेनर निघत असतात तेव्हा तो तासभर बंद पडला तरी रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांचे हाल होतात. त्या हंगामात ही यादी मी रोज सकाळी सातला, महामार्गाला लागण्याआधी, घरीच बघते.

यादीत वरचे दोन-चार पत्ते शेकड्याने प्रयत्न करणारे दिसतात. ते सोपे. अवघड असतात ते खालचे, प्रत्येकी एकदा-दोनदा येऊन गेलेले. हल्लीचे बॉटनेट पकडलं जाऊ नये म्हणून काम वाटून घेतात. तेव्हा आयपीऐवजी यूझरनेमप्रमाणे मोजून पाहा. 'पोस्टग्रेस' हे एकच नाव एका तासात चाळीस पत्त्यांवरून आलेलं दिसलं, की टोळी एक आहे हे समजतं. पत्ता कोणत्या नेटवर्कचा, म्हणजे त्याचा एएसएन (नेटवर्कचा क्रमांक) कोणता, हे टीम सिमरूच्या हूइझ सेवेवर (पत्ता कुणाचा ते सांगणाऱ्या नोंदवहीवर) फुकट कळतं.

यादी हाती आली की बाकी सगळ्याच्या आधी एक काम आहे, ते कधीच टाळू नका. यादीतला प्रत्येक आयपी 'ॲक्सेप्टेड' शब्द असलेल्या, म्हणजे लॉगिन यशस्वी झालेल्या, ओळींमध्ये शोधा. एक जरी सापडला तरी इथून पुढचं सगळं बाजूला ठेवा. तो नुसता प्रयत्न राहिलेला नाही, कुणीतरी आत आलेलं आहे. मशीन नेटवर्कपासून तोडा, पण पुसू नका, लॉग दुसरीकडे कॉपी करा. कंपन्यांनी अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची असते. पत्ता इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या.

अडवणं

लॉग बघून चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्या पत्त्यांना आपोआप अडवणारा फेल-टू-बॅन हा प्रोग्राम बसवा. मूळ जेल-डॉट-कॉन्फ फाइलला हात न लावता आपले बदल जेल-डॉट-लोकलमध्ये लिहा. मुळात १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी, असं असतं. मी बंदी एक तासाची करते आणि 'रेसिडिव्ह' नावाचं जेल (बंदीच्या नियमांचा संच) चालू करते, जे पुन्हापुन्हा बंदी खाणाऱ्याला आठवडाभर बाहेर ठेवतं. डेबियन १२ वर बॅकएंड (लॉग कुठून वाचायचे ते) सिस्टमडी असा लिहावा लागतो, नाहीतर लॉग फाइल सापडत नाही म्हणून सेवा चालूच होत नाही.

कायमची बंदी मी घालत नाही, त्यामागे कारण आहे. एका हंगामात पॅकहाउसच्या वेब लॉगिनवर त्रास देणारा एक पत्ता मी कायमचा बंद केला. तो मोबाइल कंपनीचा निघाला. दुपारपर्यंत निफाड तालुक्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना आपल्या मालाची वजनपावती फोनवर उघडेना. एकाने फोन करून विचारलं, "ताई, आमचा माल नाकारला का?" त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं. बंदी उठवली आणि नियम बदलला. आपल्या ऑफिसचे, पॅकहाउसचे स्थिर आयपी 'इग्नोर-आयपी' या कधीच न अडवायच्या यादीत टाकणं, हेही तेव्हाच करून घेतलं.

कुणाला लिहायचं

आयपीवर हूइझ चालवा. आशिया-पॅसिफिकचा पत्ता असेल तर एपनिक, युरोपचा असेल तर राइप या पत्ते वाटणाऱ्या संस्थांची माहिती येते आणि अगदी वरच 'अब्यूज कॉन्टॅक्ट', म्हणजे तक्रारीसाठी मेल, दिलेला असतो. उत्तर अमेरिकेच्या एरिनमध्ये 'ऑर्ग-अब्यूज-ईमेल' ही ओळ शोधा. भारतातले पत्ते आयआरआयएनएन या इथल्या संस्थेकडून वाटले जातात, तेही एपनिकच्या हूइझमध्ये दिसतात. खुद्द एपनिक किंवा राइपला तक्रार पाठवू नका. ते पत्त्यांचे गट वाटून देतात, ज्याला वाटला तो नेटवर्क चालवतो. आपला मेल त्या चालवणाऱ्याला जायला हवा.

देश बघून हल्लेखोर कोण हे ठरवू नका. नेदरलँड्सवाल्याने 'भारतातून हल्ला' असं म्हणून हात झटकले असते तर काकांचा डीव्हीआर तसाच राहिला असता.

काही पत्ते तक्रारीतून वगळा. शोडान, सेन्सिस यांसारखे स्कॅनर सगळ्या इंटरनेटची दारं मोजत फिरतात, ते एकदा टकटक करून जातात. यूडीपीच्या (आधी जोडणी न करता माहिती पाठवण्याच्या पद्धतीच्या) पुरात दिसणारे पत्ते खोटे असू शकतात, कारण यूडीपीमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट घालता येतो. एसएसएचवर पासवर्ड टाकायला मात्र दोन्ही बाजूंनी जोडणी पूर्ण व्हावी लागते, त्यामुळे तिथला पत्ता भरवशाचा. आणि वेबसाइट क्लाउडफ्लेअरसारख्या, येणारी सगळी वर्दळ आपल्यामार्फत पाठवणाऱ्या, सेवेमागे असेल तर लॉगमध्ये त्या सेवेचाच आयपी दिसतो. आधी वेब सर्व्हरला खरा पत्ता नोंदवायला शिकवा.

मेल असा लिहा

एका मेलमध्ये एकच आयपी. विषयात आयपी आणि प्रकार: '२०३.०.११३.४५ वरून एसएसएच ब्रूट फोर्स' (म्हणजे एकामागून एक पासवर्ड टाकून पाहणं). मेल इंग्रजीतच, साधा. पहिल्या वाक्यात काय झालं: या पत्त्यावरून आमच्या सर्व्हरच्या पोर्ट २२ वर इतक्या वेळा लॉगिनचा प्रयत्न झाला. मग पहिला आणि शेवटचा प्रयत्न, सालासकट, यूटीसीमध्ये. कंसात भारतीय वेळ दिली तरी चालेल, पण झोनचं नाव लिहिल्याशिवाय एकही वेळ लिहू नका. मग आपला आयपी. मग लॉगच्या पाच-सहा ओळी, मजकूर म्हणून. स्क्रीनशॉट नको, कारण अब्यूज डेस्कवरची (तक्रारी बघणाऱ्या विभागातली) बरीच सॉफ्टवेअर मेलमधून आयपी आणि वेळ आपोआप उचलतात. पूर्ण लॉग जोडू नका आणि त्यात आपल्या कर्मचाऱ्यांची खरी यूझरनेम दिसत असतील तर झाका.

शेवटी मी एक ओळ नेहमी घालते: हे यंत्र बहुधा तुमच्या ग्राहकाच्या नकळत वापरलं जात आहे, कृपया त्याला कळवावं. धमकी, कायद्याची कलमं, रागावलेली भाषा काही नको. वाचणारा रोज शेकडो मेल बघतो, आपला मेल त्याला दोन मिनिटांत निस्तरता आला पाहिजे. आणि तिकडच्या यंत्रावर आपण उलट स्कॅन किंवा लॉगिन करून बघणं तर मुळीच नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं आयटी कायद्यात आपल्यालाही गुन्हाच आहे.

सगळ्या पत्त्यांना असे मेल लिहिणं शक्य नसतं. मी रेसिडिव्हमध्ये अडकलेल्यांनाच लिहिते. बाकीचे अब्यूजआयपीडीबी या त्रासदायक पत्त्यांच्या सार्वजनिक यादीवर नोंदवते. मोफत खात्यावर दिवसाला १,००० नोंदी होतात, फेल-टू-बॅनमधून त्या आपोआपही पाठवता येतात. एसएसएचसाठी प्रकार क्रमांक १८ आणि २२ निवडा. तिथली टिप्पणी सगळ्यांना दिसते, म्हणून सर्व्हरचं नाव आणि यूझरनेम काढून टाका. एकाच आयपीची पुन्हा नोंद १५ मिनिटांनंतरच घेतली जाते. आपोआप पाठवण्याआधी आठवडाभर हाताने पाठवून बघा. चुकीच्या नियमामुळे आपल्याच ग्राहकाचा पत्ता बदनाम झाला तर तो निस्तरायला फार वेळ जातो.

माझ्याकडे एक साधी शीट आहे: तारीख, आयपी, कुणाला लिहिलं, उत्तर आलं का, त्यानंतर हल्ला थांबला का. उत्तरं कमी येतात. पण शेवटचा रकाना दोन आठवड्यांनी भरताना दिसतं की उत्तर न देणाऱ्यांपैकीही काही पत्ते गप्प झालेले असतात. गेल्या मार्चमध्ये एका छोट्या केबल इंटरनेटवाल्याने मात्र दुसऱ्याच दिवशी कळवलं: ग्राहकाचं मेडिकल दुकान आहे, राउटरचा पासवर्ड बदलला, तुमच्या बाजूने पत्ता मोकळा करा. मी लॉग पाहिला, रात्रभर त्या आयपीवरून एकही ओळ नव्हती. बंदी काढली, शीटमध्ये तारीख टाकली आणि पिंपळगावला निघाले.