मशीनला नाती शिकवताय? आयएलपी कार्यशाळेआधी या चुका टाळा

इंडक्टिव्ह लॉजिक प्रोग्रॅमिंग (आयएलपी) म्हणजे उदाहरणं देऊन मशीनला त्यामागचे नियम शोधायला लावणं. त्याच्या कार्यशाळेत पहिलं प्रात्यक्षिक बहुतेक वेळा नातेसंबंधांचं असतं. मी ते घेते तेव्हा 'मामा'पासून सुरुवात करते. पहिल्या तासाभरात बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर एकच उत्तर उमटतं:

मामा(_क, _ख).

म्हणजे 'क' हा 'ख'चा मामा, तेही विनाअट. जगातला प्रत्येक जण प्रत्येकाचा मामा. सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटून लोक ते पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. तसं करू नका. इथे मशीन जे शिकते ते प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नियमात लिहून दाखवते, त्यामुळे चूक कुठे झाली ते नियम वाचूनच कळतं, आणि ती जवळजवळ नेहमी आपण दिलेल्या माहितीत सापडते.

संगणकशास्त्रज्ञ स्टीफन मगलटन यांनी 1991 मध्ये या विषयाला नाव दिलं, आणि पहिली कार्यशाळाही त्याच वर्षी पोर्तुगालमधल्या व्हियाना दो कास्तेलो इथे भरली. आजही शिकवताना हाताशी असतं ते आलेफ हे आयएलपीचं सॉफ्टवेअर. ते लिहिणारे अश्विन श्रीनिवासन गोव्यात, बिट्स पिलानीच्या कॅम्पसवर प्राध्यापक आहेत. नवीन मंडळी पॉपर हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतात. खालच्या बहुतेक चुका दोन्हीकडे होतात.

'नाही'ची उदाहरणं न देणं, किंवा सोपी देणं

वरचा नियम येतो तो यामुळे. मामा कोण ते सांगितलं, पण कोण मामा नाही ते सांगितलंच नाही. मग काहीही अट नसलेला नियम सगळ्या उदाहरणांना लागू पडतो आणि मशीनच्या दृष्टीने तोच सर्वांत चांगला ठरतो. आलेफमध्ये फक्त होकारार्थी उदाहरणांवर शिकायची सोय आहे, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गडबड जरा लपलेली असते. नकारार्थी उदाहरणं दिली, पण सगळी आजी, मावशी, आत्या यांचीच. मग नियम येतो:

मामा(_क, _ख) :- पुरुष(_क).

म्हणजे 'क' पुरुष असेल तर तो कुणाचाही मामा (':-' म्हणजे 'जर'). मशीन बरोबरच आहे, तुमच्या उदाहरणांत तेवढाच फरक होता. काका द्या, मावशीचे यजमान द्या, आत्याचे यजमान द्या. काका नकारात आल्याशिवाय आईकडचा आणि बाबांकडचा हा भेद मशीनला शोधावाच लागत नाही. आपल्या भाषेत ही नाती वेगवेगळ्या शब्दांनी बांधलेली आहेत, म्हणून मराठी कुटुंबाचा डेटा या प्रात्यक्षिकासाठी मला फार आवडतो.

बाबाच काका होणं

बॅकग्राउंड नॉलेजमध्ये, म्हणजे मशीनला आधीच पुरवलेल्या माहितीत, भावाची व्याख्या अशी लिहिली जाते: पुरुष आहे, आणि दोघांची आई एक. ऐकायला बरोबर. पण या व्याख्येने प्रत्येक पुरुष स्वतःचाच भाऊ होतो. मामाच्या वेळी हे उघडकीला येत नाही, कारण आई पुरुष नाही. काका शिकवायला घेतला की बाबा आपल्याच मुलाचे काका होतात. खरं तर बाबा नकारार्थी उदाहरणांत असतात, त्यामुळे योग्य नियम नाकारला जातो आणि तुम्ही दुपारभर सेटिंग बदलत बसता. हवी ती व्याख्या अशी:

भाऊ(_क, _ख) :- पुरुष(_क), आई(_ग, _क), आई(_ग, _ख), _क \= _ख.

शेवटची अट, म्हणजे 'क' आणि 'ख' वेगळे असणं, शेवटीच हवी. ती सुरुवातीला लिहिली तर त्या क्षणी दोन्ही चलं (_क आणि _ख या नाव भरायच्या जागा) रिकामी असू शकतात. रिकामी चलं एकमेकांशी जुळतात, म्हणून 'वेगळी आहेत का?' याला प्रोलॉग 'नाही' म्हणतं आणि एकही भाऊ सापडत नाही. नकाराच्या \+ या चिन्हालाही हेच लागू आहे. आधी चलात नाव भरू द्या, मग नकार विचारा.

वरचा कोड मी मुद्दाम देवनागरीत लिहिलाय. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या प्रोलॉगच्या आवृत्तीत तो चालतो. प्रोलॉगमध्ये चल कॅपिटल अक्षराने किंवा अंडरस्कोरने (_) सुरू होतं. पण देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे चलाच्या आधी अंडरस्कोर लावावाच लागतो. विसरलात तर 'क' हे एका माणसाचं नाव समजलं जातं. शिवाय अंडरस्कोर असलेलं चल एकदाच आलं तरी प्रोलॉग इशारा देत नाही, म्हणून टायपिंगच्या चुका स्वतः शोधाव्या लागतात. पॉपरमध्ये मात्र प्रेडिकेटची ('मामा', 'पुरुष' अशा नात्यांची आणि गुणांची) नावं रोमन लिपीत, लहान अक्षराने सुरू होणारीच ठेवा. पॉपर आतून क्लिंगो हा तार्किक कोडी सोडवणारा प्रोग्रॅम वापरतं, आणि क्लिंगोला देवनागरी नावं वाचता येत नाहीत.

उत्तरात आपलीच उदाहरणं परत येणं

आतेभाऊ शिकवून पाहा. बाबा, बाबांची बहीण, तिचं मूल आणि ते मूल मुलगा असणं, अशा चार अटी. हेड, म्हणजे ':-'च्या आधीचा भाग, धरून पाच. आलेफमध्ये क्लॉजची, म्हणजे एका नियमाची, लांबी मुळात 4 वर बांधलेली असते, म्हणून हा नियम त्यात मावतच नाही. आलेफ त्रुटी दाखवत नाही. तुमची उदाहरणं एकेक करून नियम म्हणून परत छापते. असं दिसलं की क्रमाने तपासा. लांबी 5 करा. तरी जमलं नाही तर शोधाची मर्यादा पाहा, ती मुळात 5000 नोडची, म्हणजे तपासून पाहायच्या तितक्या नियमांची, असते. नॉइजची मर्यादा (नियमात किती नकारार्थी उदाहरणं आली तरी चालतील) मुळात 0 असते, म्हणजे चुकून नकारात गेलेलं एक खरं उदाहरणसुद्धा बरोबर नियमाला बाद करतं. आणि डिटर्मिनेशनची, म्हणजे कोणतं प्रेडिकेट नियमात वापरायचं ते सांगणारी, ओळ राहिली असेल तर ते प्रेडिकेट विचारातच घेतलं जात नाही, तेही गुपचूप. एका वेळी एकच गोष्ट बदला.

प्रोग्रॅम अडकून पडला तर बहुधा 'पूर्वज'चा नियम स्वतःलाच पहिल्या अटीत हाक मारतोय. एसडब्ल्यूआयमध्ये टेबलिंग (आधीची उत्तरं साठवून ठेवायची सोय) लावा.

शंभर टक्के आल्यावर आनंद होणं

शंभर टक्के अचूकता आली की मी आधी बॅकग्राउंड नॉलेज उघडते. तिथे 'भाचा' असेल तर मशीन मामाचा नियम त्याला उलटं करून लिहिते, शिकत काहीच नाही. चाचणीसाठी डेटा वेगळा काढताना जोड्या विखरू नका, अख्खं कुटुंब बाजूला ठेवा. नाहीतर एकाच घरातले लोक दोन्हीकडे येतात.

पेपर लिहिताना अचूकतेसोबत पाया सांगा. म्यूटाजेनेसिसच्या (रेणू जनुकांत बदल घडवतो का, याच्या) प्रसिद्ध डेटामध्ये 188 रेणूंपैकी 125 सक्रिय आहेत, म्हणजे डोळे मिटून 'सक्रिय' म्हटलं तरी 66.5 टक्के मिळतात. दहा भागांत चाचणी केली तर एका भागात जेमतेम 19 रेणू येतात. एक रेणू इकडचा तिकडे झाला की त्या भागाचा आकडा पाच टक्क्यांनी हलतो. दशांशानंतरच्या दोन अंकांवर भांडू नका.

नोंद नाही म्हणजे नातं नाही, असं धरणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. प्रोलॉगला जे सिद्ध करता येत नाही ते खोटं. घरच्या कुळवृत्तांतावरून डेटा बनवून आणणारे विद्यार्थी असतात, आणि ती कल्पना मला मनापासून आवडते. पण जुन्या कुळवृत्तांतांत लेकीची पुढची पिढी सहसा नसते, सुनेचं माहेर कधी नुसत्या आडनावावर संपतं. अशा डेटात काका भरपूर आणि मामा जवळजवळ नाहीतच. मशीन 'मामा दुर्मीळ' असं शिकते, आणि नकारार्थी उदाहरणं आपोआप तयार केली असतील तर खरे मामाही त्यांत जातात. जिथे आईची किंवा आजोळची नोंद नाही, त्या जोड्या होकारातही घेऊ नका आणि नकारातही. बाजूला काढा, आणि अशा किती काढल्या तो आकडा पेपरात लिहा.