गिटारचे पिकअप आणि वायरिंग बदलताय? या चुका टाळा

पहिला हंबकर (गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप; पिकअप म्हणजे गिटारच्या तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) मी स्वतःच्या हाताने बसवला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. सोल्डरिंगचं आयर्न गार व्हायच्या आत अ‍ॅम्प लावला आणि कॉर्ड वाजवला. आवाज आला तो जुन्या ट्रान्झिस्टरसारखा. पातळ, नाकातला, खर्ज कुठे गेला पत्ता नाही. त्यावर कडी म्हणजे हंबकर असूनही गुणगुण चालूच. मनात पहिला विचार आला तो सगळ्यांनाच येतो: पिकअप खराब निघाला. सकाळी उठून परत पाठवायला त्याचा खोकाही शोधून ठेवला. पिकअप ठणठणीत होता. मीच भलत्या कंपनीच्या आकृतीतले रंग बघून तारा जोडल्या होत्या.

त्यानंतर मित्रांच्या बऱ्याच गिटारी उघडल्या आणि बहुतेक वेळा असंच दिसलं की पिकअपच्या नावाने बोटं मोडली जातात, आणि दोष निघतो त्याच्या आजूबाजूला. पिकअप, पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर), कपॅसिटर, स्विच आणि अ‍ॅम्पपर्यंतची केबल हे सगळं मिळून एकच सर्किट असतं. त्यातला एक तुकडा बदलला आणि बाकीच्यांचा हिशेब केला नाही, की आवाज बिघडतो.

तारांचे रंग गृहीत धरणं

माझी चूक नेमकी काय होती ते सांगतो, कारण ती फार जण करतात. हंबकरमध्ये दोन कॉइल असतात. दोघींच्या चुंबकाचं टोक उलट आणि गुंडाळीची दिशाही उलट. त्यामुळे वाजवलेल्या तारेचा आवाज दोन्हींतून एकाच बाजूने येतो आणि त्यांची बेरीज होते, तर बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्हींत विरुद्ध पडते आणि कटते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ साली याच कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळालं. आजचे हंबकरही याच तत्त्वावर चालतात.

चार तारांच्या हंबकरमध्ये प्रत्येक कॉइलची दोन टोकं बाहेर काढलेली असतात, पण कुठल्या टोकाला कुठला रंग, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. सेमूर डंकनमध्ये काळी तार हॉट (आवाज पुढे नेणारी), पांढरी आणि लाल एकत्र जोडायच्या, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला (परतीच्या वाटेला). डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. म्हणजे हिरवी दोन्हीकडे सारखी, त्यामुळे आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. डिमार्झिओचा पिकअप डंकनच्या आकृतीने जोडला की दोनपैकी एक कॉइल उलटी लागते. मग तारेचा आवाज आपसात कटतो आणि गुणगुण मात्र दुप्पट होते. माझ्या गिटारीत हेच झालं होतं. दोन टाके सोडवून परत मारले, पाच मिनिटांचं काम.

आकृती नसेल किंवा पिकअप जुना, नाव नसलेला असेल, तर मल्टिमीटर किलोओहमवर ठेवून कुठल्या दोन तारांत रीडिंग येतं ते बघा. त्या दोन तारा एका कॉइलच्या. मग मीटर लावलेलाच ठेवून लोखंडी स्क्रूड्रायव्हर त्या कॉइलच्या पोलवर (वर दिसणाऱ्या धातूच्या खुंटीवर) टेकवा आणि झटकन उचला. रीडिंग क्षणभर वर जातं की खाली, ते लिहून ठेवा. दुसऱ्या कॉइललाही तसंच करा. दोन्हींत ते एकाच दिशेला गेलं तर जुळलं, उलट गेलं तर एका कॉइलची टोकं बदला. काट्याचा जुना मीटर असेल तर हे जास्त स्वच्छ दिसतं. डिजिटलमध्ये आकडे नाचतात, दोन-तीनदा करून बघावं लागतं.

हीच चाचणी दोन वेगळ्या पिकअपमध्येही करायची. नेक एकट्याने छान, ब्रिज एकट्याने छान, पण दोन्ही एकत्र लावले की आवाज पिचका, हे फेज उलटी असल्याचं, म्हणजे दोन्हींचे आवाज एकमेकांना कापत असल्याचं लक्षण. उपाय म्हणजे एका पिकअपच्या हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल. पण थांबा: त्याला धातूचं कव्हर असेल आणि ते ग्राउंडच्याच तारेला जोडलेलं असेल, तर अदलाबदलीनंतर कव्हरच हॉट होतं आणि हात लावताच कर्कश गुणगुण सुरू होते. टेलिकास्टरच्या नेक पिकअपचं हेच दुखणं. आधी कव्हरची जोडणी तोडून तिला वेगळी ग्राउंडची तार द्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या, एकच तार आणि बाहेर विणलेली जाळी असलेल्या हंबकरमध्ये हे घरी करायच्या भानगडीत मी पडत नाही.

स्ट्रॅटमध्ये (स्ट्रॅटोकास्टर गिटारीत) वेगवेगळ्या सेटमधले सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे पिकअप, एकत्र करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असेल तरच स्विचच्या दोन आणि चार नंबरच्या जागेवर गुणगुण जाते. पोलवर होकायंत्र धरलं तर सुईचं कुठलं टोक ओढलं जातं यावरून चुंबकाचं लगेच कळतं.

रेझिस्टन्सचा आकडा म्हणजे ताकद, असं समजणं

खोक्यावर १६ के (किलोओहम) लिहिलंय, म्हणजे ८ केच्या दुप्पट दणका. असं नसतं. तो आकडा फक्त सांगतो की आत किती लांब आणि किती बारीक तार आहे. ४२ गेजऐवजी जास्त बारीक ४३ गेजची तार वापरली, तर तेवढ्याच वेढ्यांत रेझिस्टन्स वाढतो. आवाज किती मोठा आणि कसा, हे वेढ्यांची संख्या, चुंबक आणि कॉइलचा आकार मिळून ठरवतात. एकाच कंपनीच्या एकाच डिझाइनमधले दोन पिकअप तुलना करायला हा आकडा ठीक आहे. सिंगल कॉइल आणि हंबकरमध्ये तो लावू नका.

पॉटकडे दुर्लक्ष

वर्षानुवर्षं सिंगल कॉइलच्या गिटारीत हंबकर बसवतात आणि म्हणतात, ‘गिटारवर घोंगडं टाकल्यासारखं वाटतंय.’ वाटणारच. व्हॉल्यूम पूर्ण १० वर असला तरी पॉटचा पूर्ण रेझिस्टन्स हॉट आणि ग्राउंडच्या मध्ये उभाच असतो आणि त्यातून वरच्या सुरांची धार झिरपत राहते. २५० केचा पॉट जास्त झिरपवतो, ५०० केचा कमी. सिंगल कॉइल मुळातच धारदार, म्हणून त्याला २५० के; हंबकर जाड, म्हणून ५०० के.

खरी पंचाईत होते एका हंबकरबरोबर दोन सिंगल कॉइल असताना. तिथे मला आवडणारी युक्ती अशी: ५०० केचा व्हॉल्यूम पॉट ठेवायचा आणि स्विचवरून सिंगल कॉइल निवडताना ४७० केचा एक रेझिस्टर समांतर लागेल अशी जोडणी करायची. दोन्ही मिळून साधारण २४२ के होतात. यासाठी स्विचवर एक रिकामा पोल (जोडणीचा वेगळा संच) लागतो, म्हणून स्विच घेतानाच बघून ठेवा. कॉइल स्प्लिट करणाऱ्यांनाही, म्हणजे हंबकरची एकच कॉइल वाजवणाऱ्यांनाही, हेच लागू. ५०० केवर स्प्लिट केलेला हंबकर बहुतेकदा सुईसारखा टोचतो.

आणखी एक म्हणजे पॉटवर ५०० के छापलंय म्हणून आत ५०० केच असेल असं नाही. २० टक्के इकडेतिकडे चालवून घेतात, म्हणजे ४०० ते ६०० काहीही. जोडायच्या आधी मोजा. जोडल्यावर मोजलं तर पिकअपही मध्ये येतो. व्हॉल्यूमला ए म्हणजे ऑडिओ टेपर घ्या (टेपर म्हणजे नॉब फिरवताना रेझिस्टन्स कसा बदलतो ते). बी म्हणजे लिनिअर लावला तर नॉब १० वरून ४ वर आणेपर्यंत फारसं काही होत नाही आणि मग आवाज एकदम पडतो.

आकाराची गंमत वेगळीच. अमेरिकन पद्धतीच्या पॉटला साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं, आशियाई मिनी पॉटला त्याहून बरंच लहान. दांड्यावरचे दातेही वेगळे, त्यामुळे जुना नॉब नव्या पॉटवर एकतर बसत नाही किंवा ठोकून बसवला की चिरतो. पुश-पुल पॉटची (नॉब ओढला की स्विच बदलतो त्याची) खोली आधी मोजा. पोकळी उथळ असेल तर मागचं झाकणच बसणार नाही.

अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपचं सगळं निराळं. त्यांना २५ केचे पॉट लागतात. ५०० केवर लावले तर व्हॉल्यूम नॉब विजेच्या बटणासारखा वागतो. स्टिरिओ जॅकही लागतो, कारण केबल खुपसली की बॅटरी चालू होते. म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी नऊ व्होल्टची बॅटरी मेलेली सापडेल.

कपॅसिटरबद्दल फार लिहीत नाही. ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरॅड, टोन खाली केल्यावर किती काळोख हवा त्याप्रमाणे निवडा. तेलात बुडवलेल्या कागदी कपॅसिटरच्या गोष्टी ऐकायला गोड आहेत, पण टोन १० वर ठेवून वाजवणाऱ्याने त्यांच्यामागे लागू नये. व्हॉल्यूम कमी केल्यावर धार जात असेल तर मात्र ट्रेबल ब्लीड जरूर लावा: एक नॅनोफॅरॅडच्या आसपासचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० केचा रेझिस्टर, व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुटच्या पायांमध्ये.

उंची न तपासता बदलायला निघणं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती स्क्रूड्रायव्हरची. सिंगल कॉइल फार वर चढवला की चुंबक तारेला ओढतो. खर्जाची जाड तार बाराव्या फ्रेटच्या वर वाजवली की एकाच वेळी दोन सूर लागल्यासारखी लहर येते आणि ट्यूनर कधीच स्थिर होत नाही. दोष पिकअपच्या उंचीचा, आणि लोक ब्रिजवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सूर जुळवण्याची सेटिंग) फिरवत बसतात. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंत मोजा. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपला खर्जाच्या बाजूला २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटरपासून सुरुवात करा, मग कानाने ठरवा.

शिल्डिंग आणि टाके

आतल्या पोकळीला शिल्डिंग म्हणून तांब्याची टेप लावली की सिंगल कॉइलची गुणगुण जाईल, ही आशा सोडा. टेप आसपासच्या दिव्यांची आणि चार्जरची खरखर अडवते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी जाड गुणगुण तिच्यातून आरपार जाते. टेप लावणारच असाल तर तिचा गोंद वीज वाहणारा आहे का बघा, प्रत्येक तुकड्यामधून मीटरची शिट्टी वाजते का तपासा, आणि जॅकच्या खोबणीत खास लक्ष द्या. केबल खुपसली की जॅकची आतली पट्टी बाहेर झुकते, टेपला टेकते आणि आवाज बंद. बाहेर काढून तपासलं की सगळं बरोबर दिसतं, म्हणून हे सापडत नाही.

पॉटच्या पाठीवर टाका बसत नसेल तर आधी पॉलिश पेपरने ती घासा, जाड टोकाचं ४० वॉटचं आयर्न घ्या आणि दोन-तीन सेकंदांत उरका. बारीक टोकाने मिनिटभर भाजत बसलात तर आतली कार्बनची पट्टी जाते. नळाच्या कामाचं अ‍ॅसिडवालं फ्लक्स इथे चालत नाही.

तरीही बिघडलं तर

गिटारवर नव्या तारा चढवायच्या आधी जॅकमध्ये केबल घालून दुसऱ्या टोकावर मीटर लावा. व्हॉल्यूम १० वर असताना साडेसात केच्या पिकअपचं रीडिंग ५०० केच्या पॉटमुळे ७.४च्या आसपास यावं. शून्य आलं तर कुठेतरी हॉट ग्राउंडला टेकतंय. काहीच आलं नाही तर टाका सुटलाय. स्विच फिरवत प्रत्येक जागा अशी बघितली की अ‍ॅम्पशिवायच अर्धं निदान होतं. मग अ‍ॅम्प लावून पोलवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा, कुठला पिकअप खरोखर चालू आहे ते कळतं.

गिटारच्या तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, ते ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन तारा उलट लागल्यात. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची ग्राउंडची तार सुटलेली असते. ब्रिज उचलला की बहुतेकदा ती तिथेच, लाकडाला चिकटून पडलेली दिसते. आणि तारांना हात असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर लगेच वाजवणं थांबवा आणि गिटार उघडत बसू नका. अ‍ॅम्पचं आणि भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून होईपर्यंत ती गिटार त्या अ‍ॅम्पला लावू नका.