स्क्रीन बदलण्याआधी दोन तारा मोजा

दिवाळी सरली, कापूस घरात आला, की दारव्ह्याकडे माझ्या दुकानात एकाच तऱ्हेच्या गाड्या येऊ लागतात. डॅशबोर्डवरची गाण्यांची स्क्रीन लागते, गाणी वाजतात, पण स्टिअरिंगवरची बटणं मुकी आणि रिव्हर्स टाकला तरी कॅमेरा येत नाही. मागच्या हंगामात एक शेतकरी काका अशीच गाडी घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, शहरात सांगतलं का स्क्रीनच बदला लागते, चाळीस हजार लागतीन. काहून बाप्पा? स्क्रीन तं चालू आहे!"

काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अशा वेळी आधी एवढंच ठरवायचं, की स्क्रीनला करंट मिळत नाही, की गाडीशी बोलता येत नाही. पूर्ण काळी पडली असेल तर फ्यूज, कायमचा बारा व्होल्ट, चावीचा बारा व्होल्ट आणि अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची तार) पाहा. स्क्रीन चालू ठेवून तिच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा जोड खराब आहे. इथपर्यंत सगळं नीट असेल आणि स्क्रीन लागत असेल, तरच संपर्काच्या तारांकडे वळा.

गाडीतले डबे, म्हणजे इंजिन, ब्रेक, रेडिओ यांचे छोटे कॉम्प्युटर, एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात तिला कॅन म्हणतात. तिच्या तारा दोन असतात, कॅन-हाय आणि कॅन-लो, एकमेकींना पीळ दिलेल्या. ही पद्धत बॉश कंपनीने काढली आणि १९८६ मध्ये जगापुढे मांडली. बाहेरच्या विजेचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो. ऐकणारा डबा दोघींमधला फरकच वाचतो, म्हणून तो त्रास वजा होऊन जातो. लाइनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. विहिरीत हाक मारली की घुमून परत येते, तसा सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून तो लावलेला असतो. दोन १२० समांतर आले की मीटरवर ६० दिसतात. माझ्या कामात याहून उपयोगाचा आकडा दुसरा नाही.

मोजायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा आणि दहा मिनिटं थांबा. डबे जागे असतील तर ओहमचं रीडिंग खोटं येतं. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, तो एअरबॅगचा आहे. आणि टेस्ट लॅम्प या तारांना कधीच लावायचा नाही. तो करंट ओढतो, डबा जाऊ शकतो. मीटरच वापरा. तारेत सुई खुपसायची नाही, कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवायची. आज टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात ओल शिरते आणि पुढच्या वर्षी तीच तार हिरवी होऊन निघते.

स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, त्याच्या सॉकेटात ६ आणि १४ नंबरच्या पिना या कॅनच्या असतात. पण पुष्कळ गाड्यांत तिथे फक्त गेटवेपर्यंतची (वेगवेगळ्या लाइनी जोडणाऱ्या मधल्या डब्यापर्यंतची) लाइन दिसते आणि मल्टिमीडियाची लाइन गेटवेच्या पलीकडे वेगळी असते. मग सॉकेटात ६० आले म्हणून निश्चिंत होऊ नका, स्क्रीनच्या मागच्या प्लगवर मोजा. तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे त्या गाडीचं वायरिंग डायग्राम समोर पाहिजेच.

काकांच्या गाडीत स्कॅनरने यू०१८४ दाखवला, म्हणजे रेडिओशी संपर्क तुटला. हा कोड दुसऱ्या डब्याने केलेली तक्रार आहे. रेडिओ मेला, असा त्याचा अर्थ होत नाही. शहरातल्या त्या दुकानात नेमकं इथेच थांबले असावेत. मी प्लगच्या मागून मोजलं, १२० आले. म्हणजे एकच टोक दिसत होतं. मग प्लग काढला. स्क्रीनच्या पिनांवर १२०, वायरिंगच्या बाजूने काहीच नाही, मीटर उघडं. त्या गाडीत स्क्रीन हेच लाइनीचं एक टोक होतं, आणि ते टोक शाबूत होतं. तार मध्येच तुटली होती. काकांचे चाळीस हजार त्या दोन आकड्यांनी वाचवले.

ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवला. एसीच्या फिल्टरच्या खोक्याला टेकून मुठीएवढा कापसाचा गोळा, त्यात सरकीची टरफलं. गाडी कापसाच्या खोलीला लागून उभी राहत होती, उंदराने हिवाळ्याची सोय केली होती. खालून जाणाऱ्या वायरिंगमध्ये एका तारेचे दोन तुकडे, दुसरीचं कातडं सोललेलं, आतलं तांबं काळपट हिरवं.

तुमच्याकडे १२० ऐवजी शून्याच्या जवळ आकडा आला, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. मीटर लावून ठेवा आणि एकेक डब्याचा प्लग काढत जा. ज्याच्या प्लगला आकडा उसळी मारेल, त्या फांदीत खोट. एकही प्लग काढून फरक पडला नाही तर खोट मुख्य वायरिंगमध्ये आहे. ओहम ठीक असूनही त्रास असेल तर बॅटरी जोडा, चावी चालू करा आणि प्रत्येक तार अर्थशी मोजा. हाय साधारण २.५ ते २.७, लो २.३ ते २.५ व्होल्ट. मीटर सरासरीच दाखवतं, पण तेवढी पुरते. एखादी तार शून्यावर बसली तर ती बॉडीला लागली आहे, बारावर गेली तर पॉझिटिव्हला. बाहेरून नवी अँड्रॉइड स्क्रीन बसवलेल्या गाडीत आधी कॅनबसच्या डबीचे (नव्या स्क्रीनला गाडीच्या कॅन लाइनीशी जोडणाऱ्या छोट्या डबीचे) जोड उघडून पाहा. हाय-लो उलटे जोडलेले मी कितीतरी वेळा सोडवलेत.

जोडताना खराब तांबं मागे कापत जा, चकचकीत तार लागेपर्यंत. दोन्ही जोड एकाच जागी घेऊ नका, बोटभर पुढेमागे घ्या. सोल्डर केल्यावर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप नको, आपल्याकडच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तिचा डिंक वितळून खाली येतो. मूळ पीळ होता तसाच परत द्या, उघडी लांबी जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा.

काकांची तार जोडली, प्लग लावला, मोजलं. ६० ओहम. बॅटरी जोडली, कोड पुसले, रिव्हर्स टाकला, कॅमेरा आला. तरी मी गाडी लगेच दिली नाही. लाइन बिघडलेली असली की डबे झोपत नाहीत आणि रातभरात बॅटरी उतरते. म्हणून गाडी लॉक करून अर्धा तास सोडली, मग मायनसवर मीटर लावला. पन्नास मिलिअँपिअरच्या खाली आल्यावर चावी काकांच्या हातात दिली. "गाडी आता कापसापासून दूर, अंगणात लावा," म्हटलं.