शुगरच्या पेशंटची पायाची जखम भरत नाही? या चुका टाळा

"दुखतच नाही, तं दवाखान्यात कायले जायचं?" शुगरच्या माणसाच्या पायाला जखम झाली की विदर्भातल्या गावागावांत हेच ऐकू येतं, आणि घात इथेच होतो. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. बाभळीचा काटा मोडतो, तुरीचा खुंट घुसतो, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फरशीवर तळवा भाजतो, तरी कळत नाही. संध्याकाळी चपलेत ओलं लागतं तेव्हा जखम दोन-चार दिवसांची झालेली असते. शुगरमध्ये न दुखणाऱ्या जखमेलाच जास्त भ्यायचं.

मलम बदलतात, चालणं मात्र तेवढंच

सगळ्यात मोठी चूक हीच. तळपायाच्या जखमेवर एकामागून एक मलमं लावून होतात आणि त्याच पायाने वावरात जाणं सुरू राहतं. एक किलोमीटर चालायला साधारण चौदाशे पावलं पडतात. म्हणजे जखमेच्या पायावर सातशे वेळा अंगाचा भार येतो. वावर दोन किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन अठ्ठावीसशे वेळा. रात्रीतून जी नवी कातडी धरते ती दिवसा चिरडली जाते. जगातलं कुठलंही मलम यापुढे टिकत नाही.

बधिर पायाची जखम विदर्भाला नवी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात कुष्ठरुग्णांची सेवा झाली. कुष्ठरोगात तळव्याला पडणारी जखम आणि शुगरची जखम यांचं मूळ कारण एकच आहे: पायाला दुखणं कळत नाही, म्हणून माणूस त्यावर चालत राहतो. उपायही एकच, त्या जागेवरचा भार काढायचा.

जखमेत पू नसेल आणि पायाचा रक्तपुरवठा ठीक असेल, तर पायाला अंगासरशी बसणारं खास प्लास्टर घालतात. त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. भार काढायला यापेक्षा खात्रीचा उपाय नाही, म्हणून मेडिकल कॉलेजला गेलात तर त्याबद्दल नाव घेऊन विचारा. काढता-घालता येणारा बूट मिळाला तर तो घरातही घालायचा. बहुतेकांचा बूट दवाखान्यात जाताना पायात असतो आणि घरी आल्यावर कोपऱ्यात पडतो. रात्री लघवीला जातानाची वीस पावलंसुद्धा मोजली जातात. वॉकर घ्या, रात्री खाटेजवळ भांडं ठेवा, अंघोळीला खुर्ची ठेवा.

टाचेला जखम असली की घरची माणसं खाली कापडाची चुंबळ देतात. ती देऊ नका. चुंबळीच्या कडा भोवतालची कातडी दाबतात आणि तिथलं रक्त अडतं. उशी पोटरीखाली द्या आणि टाच अधांतरी राहू द्या. टाच आणि गादी यांच्या मधून कागद सहज सरकला पाहिजे.

जखमेच्या कडेला पांढरट, कडक घट्टा चढतो. तोही दाब वाढवतो आणि खालची खरी जखम झाकून ठेवतो. वरून तुरीच्या दाण्याएवढं भोक दिसतं, आत पोकळी रुपयाएवढी असते. हा घट्टा डॉक्टरकडूनच काढून घ्या, आणि तो पुन्हा चढेल तेव्हा पुन्हा काढून घ्या. घरी ब्लेडने सोलायचा नाही. कुरुपाची पट्टीही लावायची नाही, तिच्यातलं अॅसिड चांगली कातडीही जाळतं.

जखमेवर काय घालू नये

हळद, कंबरमोडीचा पाला, तंबाखू, चुना, रॉकेल, कॅप्सूल फोडून काढलेली पावडर: यातलं काहीच नको. पावडरीची खपली बनते. वरून जखम कोरडी दिसते आणि आत पू साचत राहतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाली असं वाटतं, पण त्यानं आणि स्पिरिटनं भरत आलेला लाल मऊ मांसाचा थरही मरतो. कोमट पाण्यात पाय बुडवून बसणंही बंद करा. कातडी भिजून फुगते आणि बधिर पाय पोळतो. अंघोळीचं पाणी किती गरम आहे ते पेशंटनं स्वतः पाहू नये, त्याचे हातही बधिर असू शकतात. घरातल्या दुसऱ्यानं कोपर बुडवून पाहावं.

ड्रेसिंग साधंच असतं. साबणानं हात धुवा. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची १०० मिलीची बाटली आणा. ती नसेल तर पाव लिटर पाणी वीस मिनिटं उकळून घ्या, त्यात अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि थंड करून त्याच दिवशी वापरा. जखम धुवून भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. निर्जंतुक गॉज सलाईनमध्ये भिजवून घट्ट पिळा आणि जखमेत सैल ठेवा, ठासून भरू नका. वर कोरडा गॉज आणि बँडेज. बोटं उघडी दिसली पाहिजेत आणि पट्टीखाली एक बोट सहज शिरलं पाहिजे. कापूस घरच्या वावरातला कितीही स्वच्छ असला तरी थेट जखमेवर नको, तंतू चिकटून राहतात. गॉज चिकटला तर ओढायचा नाही, पाच-दहा मिनिटं सलाईन टाकून सुटू द्यायचा. जखमेभोवतीची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर ओल जास्त होते आहे, गॉज आणखी पिळा.

अँटिबायोटिक आणि "ताकदीची सुई"

लाली, सूज, ऊब, पू, दुर्गंधी यांपैकी काही नसेल तर अँटिबायोटिकनं जखम लवकर भरत नाही. आणि ही लक्षणं असतील तर गावातल्या दोन दिवसांच्या गोळ्यांवर भागत नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून चकाकी, सूज आणि दुसऱ्या पायापेक्षा जास्त ऊब पाहा. सुजेच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढा. सकाळी सूज रेघेबाहेर गेलेली दिसली तर त्याच दिवशी निघा. थंडी वाजून ताप, काळी पडत चाललेली जागा, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर, किंवा साखर अचानक ३०० च्या वर, यांपैकी काहीही असेल तर रात्र काढू नका, १०८ ला फोन करा.

ताकदीची म्हणून किंवा अंगदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या सुईत कधी स्टिरॉइड असतं. त्यानं साखर भडकते आणि जखम भरणं मंदावतं. सुईत काय आहे ते विचारून लिहून घ्या.

जखम नसताना पाय अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, तर त्याला मुरगळ समजून मालिश करू नका. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असू शकतात.

रक्त पोचतं का, हे आधी पाहा

पाय थंड, बोटांवरचे केस गेलेले, चालताना पोटरी भरून येते, रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवला की बरं वाटतं: हे रक्त कमी पोचत असल्याचं लक्षण. अशा पायाला घट्ट पट्टी बांधणं धोक्याचं आहे. डॉप्लर, म्हणजे पायातलं रक्त नीट वाहतं का ते पाहणारी तपासणी, करून घ्या. काळं कोरडं बोट कापण्याची घाई करण्याआधी रक्तपुरवठा तपासलाच पाहिजे, नाहीतर कापलेली जागाही भरत नाही.

आणि खर्रा. बिडी सोडली म्हणून समाधान मानणारे दिवसाला चार खर्रे खातात. तोंडातल्या तंबाखूचं निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं. जखम भरेपर्यंत तरी तो बंद ठेवा.

साखर आणि जेवण

"इन्सुलिन लागलं की सुटत नाही" या भीतीपायी महिना जातो. जखमेत पू असताना गोळ्या पुरत नाहीत. जखम भरल्यावर बऱ्याच जणांचं इन्सुलिन बंदही होतं. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत साखर असावी. वयस्कर माणसासाठी डॉक्टर थोडी सूट देतात.

पूर्व विदर्भात एक गोष्ट खास सांभाळायची. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात आणि तीन महिन्यांची एचबीएवनसी तपासणी खोटी कमी येऊ शकते. रिपोर्ट चांगला आणि जखम तशीच, असं दिसलं तर सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि रोजची बोटाची साखर लिहून ठेवा. एसएस पॅटर्नमध्ये (आई-बाप दोघांकडून सिकलसेल आलेला असतो तेव्हा) घोट्याजवळ जी जखम होते, तिचा इलाज वेगळा असतो.

डाळीनं आणि अंड्यानं पू होतो म्हणून दोन्ही बंद करणं ही मोठी चूक आहे. नवं मांस प्रथिनांतूनच बनतं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम, दोन अंड्यांत १२, पाव लिटर दुधात ८ मिळतात. घरचं सोयाबीन भाजून भाकरीच्या पिठात थोडं मिसळा. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जखम मोजा

"बरी वाटते" हे माप नव्हे. दर सोमवारी शेजारी पट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. लांबी ३ सेंटीमीटर, रुंदी २, तर दोन्हींचा गुणाकार ६. चार आठवड्यांत हा आकडा ३ च्या आसपास आला पाहिजे. आला नाही तर तेच ड्रेसिंग पुढे ओढू नका. हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का, रक्त पोचतं का, भार खरंच निघाला आहे का, हे मोठ्या दवाखान्यात पाहून घ्या. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय होईल ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

भरल्यानंतर

दहापैकी साधारण चौघांना वर्षभरात पुन्हा जखम होते, कारण जुनी चप्पल पुन्हा पायात येते. अंगठ्यात अडकवायची स्लीपर नको. ती बधिर पायातून निसटते आणि कळतही नाही. मागे पट्टा असलेली, एमसीआर रबराची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल घ्या. पहिल्या आठवड्यात ती अर्धा तास घालून पाय तपासा, मगच वेळ वाढवा. पायदळ शेगावला अनवाणी जाण्याचा नेम असेल तर तो चप्पल घालून पाळा. घालण्याआधी चप्पल उलटी करून झटका. रात्री पाय झाकून झोपा, उंदरानं बोट कुरतडलेलं सकाळी रक्त पाहून कळतं. सहा महिन्यांनी चपलेच्या तळाचं रबर अंगठ्यानं दाबून पाहा. दाबलेला खळगा भरून आला नाही तर चप्पल बदला.