स्प्रिंगवाल्या एअरगनवर स्कोप बसवताय? आधी या चुका टाळा

"काल नेम जुळवून झिरो केली होती, आज छर्रे भलतीकडेच जातायत, नळी वाकली असेल का हो?" हा प्रश्न आता पाठ झालाय. नळीला काही झालेलं नसतं, स्कोप (वरची दुर्बीण) मागे सरकलेला असतो आणि बघायला पाहिजे ती रेल, म्हणजे ज्या पट्टीवर स्कोप बसतो ती, पण तिथे कुणी बघतच नाही.

सगळ्यात मोठी चूक स्टॉप पिनची. स्कोप रेलवर धरणाऱ्या माउंटच्या खालच्या बाजूला जो बारका स्क्रू दिलेला असतो तीच ही पिन, ती शोभेची नाही. ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, तेवढ्यात बंदूक जरा मागे येते, मग पिस्टन टोकाला दाबलेल्या हवेवर जाऊन अडतो आणि बंदूक झटक्यात पुढे जाते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. पुढच्या झटक्याला बंदूक पळते, स्कोप आपल्या वजनाने मागे राहतो, म्हणून माउंट रेलवर मागे सरकतं. एका बारला केसभर, दिसत पण नाही. हे सरकणं अडवायलाच ती पिन असते.

ओळखीतल्या एका पोराने नवी ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची एअरगन) घेतली, त्यावर चांगला जड ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी भिंगाचा) स्कोप चढवला. रोज संध्याकाळी झिरो करायचा, दुसऱ्या दिवशी परत टरेट (नेम सरकवायची स्कोपवरची गोल कळ) फिरवायचा, असं करत करत टरेट फिरायचाच बंद झाला, मग साहेबांनी माउंटला फेविक्विक लावलं! माझ्याकडे आणली तेव्हा पुढच्या माउंटच्या समोर रेलचा काळा रंग खरवडून लोखंड चकाकत होतं, करंगळीच्या नखाएवढा पट्टा. पिन कुठाय विचारलं तर म्हणे "ती आड येत होती, माउंट नीट बसेना म्हणून काढून टाकली." कप्पाळ. पिन जास्त बाहेर आली की माउंट उचललं जातं, ती अ‍ॅलन कीने थोडी आत घ्यायची एवढंच काम होतं, पण मॅन्युअल वाचायला वेळ कुणाला आहे, व्हिडिओ बघितला की झालं.

मी कसं करतो ते सांगतो. बंदुकीत छर्रा नाही आणि ती कॉक केलेली (स्प्रिंग दाबून तयार) नाही हे आधी बघायचं. रेल आणि माउंटचे जबडे स्पिरिटने पुसायचे, कारखान्यातलं तेल तसंच असतं आणि तेलावर कितीही आवळलं तरी माउंट घसरतं. पिन रेलवरच्या भोकात सोडायची, माउंट मागे ओढून पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकवायची आणि मगच आवळायचं, कारण मध्ये फट राहिली तर तेवढं ते सरकणारच. रेलला भोक नसेल तर मागे वेगळा स्टॉप ब्लॉक लावा. डायना कंपनीच्या जुन्या बंदुकांच्या रेलमागे मोठ्या डोक्याचा एक स्क्रू दिसतो, त्याला माउंट टेकवू नका, तो धक्का खाऊन तुटतो. दोन सुट्या रिंगांपेक्षा मला वन-पीस माउंट आवडतं, पकड जास्त मिळते. शेवटी माउंट आणि रेलवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारतो, रेघ तुटली की समजायचं सरकलं.

दुसरी चूक, ट्रकचं चाक असल्यासारखं आवळणं. स्कोपची एक इंची ट्यूब अ‍ॅल्युमिनियमची असते, चेपली की आतली यंत्रणा अडकते आणि मग टरेट फिरवूनही काही हलत नाही. अ‍ॅलन कीचा लांब दांडा स्क्रूत घालून आखूड दांडा बोटांनी फिरवा, म्हणजे जोर आपोआप बेताचा लागतो. रिंगचे स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे घ्या, दोन्ही बाजूची फट सारखी ठेवा. लॉकटाईट (स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावायचंच तर निळं, तेही थेंबभर. लाल लावलंत तर काढताना गरम करत बसाल.

काही ब्रेक बॅरलची नळी मुळातच जरा खाली झुकलेली असते. छर्रे खाली लागतात म्हणून लोक एलिव्हेशन (वर-खालीचा टरेट) पार टोकापर्यंत फिरवतात, तिथे स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) दर बारला नाचतो. मागच्या रिंगमध्ये स्कोपखाली जुन्या फिल्मची पट्टी घाला, नाहीतर सरळ ड्रूप माउंट (मागून जरा उंच असलेलं) घ्या.

फायरआर्मचा महागडा स्कोप इथे टिकेलच असं नाही, तो फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे एअरगन-रेटेडच घ्या. मित्राच्या पीसीपीवर (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअरगन) छान चालतो हे सांगू नका, तिला धक्का असतो तरी कुठे!

नळी मोडताना स्कोपला मूठ समजून पकडू नका.

आणि इतकं करूनही ग्रुप फुटत असेल, म्हणजे छर्रे एका जागी लागत नसतील, तर स्कोपला परत हात लावायच्या आधी कुंद्याचे स्क्रू बघा, हादऱ्याने पुढचे दोन हमखास ढिले होतात आणि बऱ्याच जणांचं "स्कोप खराब आहे" तिथेच मिटतं.