एअरलेस मशीनच्या गाडीचा झिजलेला एक्सल बदलताना

एअरलेस मशीनची, म्हणजे हवेशिवाय नुसत्या दाबाने पेंट फवारणाऱ्या मशीनची, गाडी ओढताना एक चाक आत झुकून डुलायला लागलं की बहुतेक जण आधी चाकच बदलतात. मीही तेच केलं होतं, नवीन चाक आणलं, घातलं आणि पंधरा दिवसात परत तेच, कारण झिजला होता आतला रॉड, म्हणजे एक्सल, आणि त्याने नव्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, भोक पण लांबट करून टाकलं. आपल्याकडे या गाड्यांचे हाल जरा जास्तच होतात. ठाण्यात घोडबंदरच्या टॉवरमध्ये मशीन फिरवायचं म्हणजे रेती, तुटके ब्लॉक, क्युअरिंगचं पाणी, आणि साइट नवी मुंबईत उलव्याकडे असली तर वर खाडीची खारी हवा, एकदा का एक्सलला गंज धरला की तो गंज आणि रेती मिळून प्रत्येक फेऱ्याला कानस मारल्यासारखं घासतात.

कामाला हात लावायच्या आधी मशीनचं प्रेशर काढा. हसू नका, चाकाचं काम आहे म्हणून लोक हे सोडून देतात आणि मशीन आडवं करताना गनचा ट्रिगर दाबला जातो. या मशीनमध्ये 3000 पीएसआयच्या आसपास प्रेशर असतं, म्हणजे 200 बार, पेंट सरळ चामडीतून आत जातो. दिसताना सुई टोचल्यासारखं दिसतं पण ते हळद लावून घरी बसायचं प्रकरण नाही, ताबडतोब हॉस्पिटल. तर आधी स्विच बंद, प्लग काढा, गन बादलीत धरून ट्रिगर दाबा, प्राइम व्हॉल्व (पेंट परत बादलीत सोडणारा) ड्रेनवर फिरवा आणि ट्रिगर लॉक करा. पेट्रोलवालं मशीन असेल तर आडवं पाडू नका, टाकीतून पेट्रोल आणि इंजिनातून ऑइल गळतं, त्यापेक्षा फ्रेमखाली दोन ब्लॉक लावून चाकं अधांतरी करा.

चाक काढताना बघा टोकाला काय आहे. स्प्लिट पिन (दोन पाय वाकवून अडकवलेली) असेल तर पकडीने सरळ करून ओढा, गंजून तुटली तर बारीक पंचने ठोकून काढा. काही गाड्यांना नुसती दाबून बसवलेली टोपी असते, ती स्क्रूड्रायव्हरने उचकटावी लागते आणि परत वापरता येत नाही, नवीन घेऊन ठेवा. रॉड फ्रेममध्ये अडकला असेल तर तो बऱ्याचदा गंजाने नाही, वाळलेल्या पेंटने अडकलेला असतो, तिथे डब्ल्यूडी-40 मारत बसू नका, थिनरचं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवा. गंज असेल तर डब्ल्यूडी-40 नाहीतर डिझेल, रात्रभर. ठोकताना मध्ये लाकडाचा तुकडा धरा, टोक पसरलं की रॉड फ्रेमच्या भोकातून बाहेरच येत नाही, मग एक्सो ब्लेडने कापत बसा.

आता माप, माझी खरी चूक इथे झाली होती. मी व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावलं टोकाला, जिथे चाक फिरतं तिथेच, आणि तिथे रॉड झिजून बारीक झालेला. माप आलं 12 मिलिमीटरच्या जवळपास, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून 12 चा रॉड कापून आणला आणि चाक पहिल्या दिवसापासून खडखड. तो मुळात अर्धा इंची होता, म्हणजे 12.7. माप नेहमी मधल्या भागाचं घ्या, जो फ्रेमच्या आत असतो आणि घासत नाही, तेही गंज पॉलिश पेपरने साफ करून. बाहेरून आलेल्या बऱ्याच मशीनचे एक्सल इंचात असतात, दुकानात सूत सांगा, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे 12.7 आणि पाच सूत म्हणजे 15.875. पाच सूतच्या जागी 16 चा रॉड आणलात तर हबमध्ये घट्ट जाईल किंवा जाणारच नाही, लेथवाल्याकडून थोडा उतरवून घ्या, पण चार सूतच्या जागी 12 चालत नाही म्हणजे नाही.

रॉड मागताना ब्राइट बार म्हणा, म्हणजे गुळगुळीत, एकसारख्या मापाचा रॉड. साधा काळा राउंड बार स्वस्त असतो पण त्याचं माप एकसारखं नसतं आणि वरची पापडी हबला खाते. पूर्ण आटे असलेला लांब बोल्ट एक्सल म्हणून घालणारे पण बघितलेत, आटे म्हणजे कानसच की, नायलॉनच्या हबची वाट लागते.

लांबी जुन्या रॉडवरून घ्या, पण पिनचं भोक कागदावर मोजून पाडू नका. रॉड फ्रेममध्ये घाला, वायसर, चाक, परत वायसर चढवा, चाक आणि वायसरमध्ये एक-दीड मिलिमीटर खेळ सोडा आणि मग खूण करा. भोकाच्या पुढे सात-आठ मिलिमीटर रॉड शिल्लक पाहिजे. सेंटर पंच मारल्याशिवाय ड्रिल लावू नका, गोल रॉडवर बिट घसरतं. अर्धा इंचीला 3.2 आणि पाच सूतला 4 मिलिमीटरचं भोक पुरतं. भोकाच्या कडा आणि रॉडची टोकं कानशीने मारून घ्या, नाहीतर चाक चढवतानाच हब आतून खरवडेल.

चाक चढवायच्या आधी हब नव्या रॉडवर घालून हलवून बघा. डुललं तर एक्सल बदलून काही उपयोग नाही, हबचं भोक मोठं करून त्यात नायलॉनचा बुश (आतली नळी) बसवून घ्या, लेथवर छोटंसं काम आहे, नाहीतर चाकच नवीन. फ्रेमचं भोक लांबट झालं असेल तर बाहेरून जाड वायसर वेल्ड करतात, पण वेल्डिंगच्या आधी मशीन फ्रेमवरून उतरवा, मोटरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं तर एक्सल फार महागात पडेल.

ग्रीस अगदी पातळ थर लावा आणि बाहेर आलेलं पुसून टाका, थापून ठेवलं तर साइटची सगळी रेती त्यालाच चिकटते. पिन घालून दोन्ही पाय उलटे वाकवा, जुनी पिन सरळ करून परत वापरू नका. मग रिकामी गाडी नाही, पेंटची भरलेली बादली लटकवून एकदा लिफ्टच्या उंबरठ्यावरून ओढून बघा, चाक कुठे घासतंय ते तिथे लगेच कळतं.